'गावरान' म्हणजे नेमकं काय रे भाऊ?

पोस्ट मोठी आहे. रविवारी चिकनच्या दुकानासमोर रांगेत उभे असाल तर तिथेच वाचा, उलट तिथेच वाचा.

मागच्या आठवड्यात दहिवेलहून साक्रीकडे येत होतो. मोटारसायकलवर होतो, घाई नव्हती, म्हणून सहज ढाब्यांच्या पाट्या मोजल्या. 'गावरान कोंबडी', 'चुलीवरची गावरान', 'शंभर टक्के गावरान', 'गावरान स्पेशल थाळी'. एवढ्याशा अंतरात अकरा पाट्या. घरी आल्यावर वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एका ढाब्याला दिवसाला आठ कोंबड्या लागतात असं धरू. रविवारी जास्त, श्रावणात कमी, सरासरी आठ. अकरा ढाब्यांच्या झाल्या अठ्ठ्याऐंशी. वर्षाला बत्तीस हजार.

आता दुसरी बाजू. आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यांवर एका घरात आठ-दहा कोंबड्या असतात. मानमोडीतून, मुंगसातून, कुत्र्यातून वाचलेल्यांपैकी वर्षाला पंधरा विकल्या गेल्या तर ते घर नशीबवान. म्हणजे फक्त या अकरा ढाब्यांसाठी दोन हजारांहून जास्त घरं लागतील, आणि त्या सगळ्यांनी घरी पाहुणा आला तरी कोंबडी न कापता सगळ्याच्या सगळ्या इथेच विकायला हव्यात. धुळ्यातले ढाबे, नाशिकची हॉटेलं, पुण्या-मुंबईत घरपोच 'गावरान' देणारी ॲप्स यांचा हिशेब वेगळाच.

मग एवढी गावरान येते कुठून?

उत्तर मला बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. लिहिलं कधीच नव्हतं. उलट, एकदा नेमकं उलटं लिहिलं होतं. ते आधी कबूल करतो आणि मग पुढे जातो.

सहा-सात वर्षांपूर्वी मी पुरवणीत एक यशोगाथा लिहिली होती. नोकरी सोडून 'गावरान कोंबडीपालन' करणारा तरुण, महिन्याला एवढी उलाढाल, शहरातून मागणी वगैरे. फोटो झकास आला होता, शेडच्या बाहेर एक रुबाबदार लाल कोंबडा हातात धरलेला. मी शेडच्या आत गेलोच नाही. चहा घेतला, आकडे लिहून घेतले, निघालो. वर्षभराने दुसऱ्या कामासाठी तिकडे जाणं झालं तेव्हा आत गेलो. दीड हजार पक्षी, जमिनीवर भाताचं तूस, चारी बाजूंना जाळी, वर दिवे, भांड्यात कंपनीचं तयार खाद्य. पक्षी रंगीत, निरोगी, पण जन्मात उकिरडा न पाहिलेले. मी विचारलं, "बाहेर सोडत नाहीस?" तो हसला. "साहेब, दीड हजार बाहेर सोडल्यावर संध्याकाळी गोळा कोण करणार? आणि लोक रंग बघून घेतात."

तो पोरगा लबाड नाही. कर्ज काढून धंदा करतोय. शेड स्वच्छ होतं, लसीकरण वेळेवर होतं. त्याचा माल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला 'गावरान' हा शब्द मी छापून दिला, विचारपूस न करता. ही माझी चूक.

आता जरा नीट समजून घेऊ. बाजारात 'गावरान' म्हणून जे विकलं जातं, त्यात निदान चार प्रकारचे पक्षी आहेत.

पहिली खरी गावरान. गावातच जन्मलेली, खुडूक कोंबडीने उबवलेली, दिवसभर फिरून किडे-दाणे टिपणारी, रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली झाकलेली. दीड किलोची व्हायला तिला पाच-सहा महिने लागतात. वर्षाला अंडी देते साठ-सत्तर, फार तर ऐंशी, तीही लहान.

दुसरी सुधारित. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया ही नावं तुम्ही ऐकली असतील. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केली, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या केंद्रीय कुक्कुट संशोधन संस्थेने. या जाती मुळात परसात फिरून वाढाव्यात, अंडी-मांस जरा जास्त द्यावं, पंखांचा रंग गावरानसारखा असावा, अशाच हेतूने काढल्या. परसात सोडल्या तर चांगलंच आहे. पण त्याच हजारोंच्या संख्येने बंद शेडमध्ये वाढवल्या, तर 'गावरान'मधलं उरलं काय? फक्त पंख.

तिसरी रंगीत ब्रॉयलर. पांढऱ्या बॉयलर कोंबडीचीच बहीण, जरा हळू वाढणारी, रंगीत पिसांची.

चौथी सगळ्यात वाईट फसवणूक. अंड्यांच्या फार्मवर दीड वर्ष पिंजऱ्यात काढलेली म्हातारी लेअर. अंडी कमी झाली की ती स्वस्तात निघते. मांस चिवट असतं, म्हणून ती सहज खपते. गिऱ्हाईक म्हणतं, "व्वा, शिजायला वेळ लागला म्हणजे अस्सल आहे!"

अंड्यांचं तेच. टपरीवर पांढरं अंडं सात-आठ रुपयाला आणि तपकिरी 'गावरान' पंधरा-वीसला. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तिच्या राहणीवर नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या जाती पिंजऱ्यातही असतात आणि आमच्याकडच्या अस्सल गावरान कोंबडीचं अंडं पुष्कळदा फिकट, दुधाळ रंगाचं असतं. तपकिरी आणि पांढऱ्या अंड्याच्या पोषणात कवचामुळे फरक पडत नाही. बलकाचा केशरी रंगही खाद्यावर अवलंबून. मका आणि झेंडूचा अर्क खाद्यात घातला की पिंजऱ्यातल्या अंड्याचा बलकही छान केशरी होतो. आणि पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून रंगवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

हे सगळं कशाला उगाळतोय? कारण 'गावरान' म्हणताना आपण दुप्पट पैसे दोन गोष्टींसाठी देतो. एक चव. दुसरी म्हणजे मनातलं एक चित्र: अंगण, माती, मोकळी कोंबडी. ते चित्र खोटं निघालं तर फसवणूक दोघांची होते, आपली आणि जिच्या अंगणात ते चित्र खरं आहे तिची.

कोंबडीबद्दलही चार वाक्यं लिहितो, हसू नका. आपल्याकडे बहुतेक अंडी पिंजऱ्यातून येतात. एका कोंबडीच्या वाट्याला साधारण साडेचारशे चौरस सेंटिमीटर जागा येते. झेरॉक्सचा ए-फोर कागद सव्वासहाशे चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे कागदापेक्षाही कमी जागेत उभं आयुष्य. पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, अंडं घालायला आडोसा नाही. ज्या कोणी आजीच्या घरी कोंबडीला अंडं घालायच्या आधी कोपरा शोधताना पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मांस खाणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी खातो. पण जे खातो त्याचं जगणं कसं होतं हे विचारायला शाकाहारी असावं लागत नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये देशाच्या विधी आयोगाने यावर अख्खा अहवाल दिला, क्रमांक २६९. पिंजऱ्याबाहेर वाढवलेल्या कोंबड्यांच्या फार्मना राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने प्रमाणपत्र द्यावं, म्हणजे गिऱ्हाइकाला कुठलं अंडं कुठलं ते ओळखता येईल, असं त्यात सुचवलं होतं. तरीही आज 'गावरान', 'देशी', 'फार्म फ्रेश', 'केज-फ्री' हे शब्द ज्याला हवे त्याने छापावेत अशी स्थिती आहे. कोंबडीला किती जागा, किती तास बाहेर, काय खाद्य, याची कायद्यातली व्याख्या त्या शब्दांमागे नाही.

माझा मामेभाऊ जर्मनीत आहे. त्याला हे सांगितलं तर त्याने तिथल्या अंड्याचा फोटो पाठवला. प्रत्येक अंड्यावर लाल शाईचा शिक्का. पहिला आकडा शून्य असेल तर सेंद्रिय, एक म्हणजे मोकळ्यावर फिरणारी, दोन म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याविना, तीन म्हणजे पिंजरा. युरोपभर ही पद्धत आहे. 'एक' लिहायचं असेल तर प्रत्येक कोंबडीमागे बाहेर चार चौरस मीटर जागा द्यावी लागते. जुने उघडेबोडके पिंजरे तर तिथे २०१२ पासून बंदच आहेत. भाऊ म्हणाला, "मी दोनवाली घेतो, एकवाली परवडत नाही." मला हे उत्तर फार आवडलं. त्याला परवडत नाही, पण तो काय घेतोय हे त्याला माहीत आहे. आपल्याकडे परवडत असूनही काय घेतोय ते कळत नाही.

आता पाकिटावरच्या बाकी शब्दांचं. शहरातली मंडळी पाकीटबंद चिकन घेतात, आता आमच्या गावातही फ्रीजर आले.

'हार्मोन-फ्री' लिहिलं असेल तर भुलू नका. बॉयलर कोंबडीला इंजेक्शन देऊन फुगवतात ही गावोगावची समजूत आहे आणि ती चुकीची आहे. हजारो पक्ष्यांना रोज सुया टोचायला कुणाला वेळ आणि पैसा आहे? ती पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते ते पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. जे कुणीच देत नाही ते 'दिलेलं नाही' म्हणून जादा पैसे घेणं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

प्रतिजैविकांचं मात्र खरं आहे. दाटीत रोग पसरू नये, वजन वाढावं म्हणून ती पाण्यातून, खाद्यातून दिली जातात. माणसावर बाकीची औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर ज्याकडे वळतात ते कोलिस्टिनसुद्धा कोंबड्यांना दिलं जात होतं. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. म्हणून 'अँटिबायोटिक-फ्री' लिहिलेलं दिसलं तर विचारा: तपासणी कोण करतं, अहवाल कुठे आहे?

'ऑरगॅनिक' लिहिलं असेल तर 'जैविक भारत'चं चिन्ह शोधा. 'हलाल' किंवा 'झटका' हे कापण्याच्या पद्धतीबद्दल आहे, पक्षी कसा वाढला याच्याशी त्याचा संबंध नाही. नगेट, सॉसेज असलं काही असेल तर मागची घटकांची यादी वाचा. जे सर्वात जास्त ते सर्वात आधी लिहायचं असा नियम आहे. चिकनच्या पाठोपाठ पाणी, स्टार्च, सोया आले की आपण कशाचे पैसे देतोय ते कळतं. तपकिरी त्रिकोण फक्त मांसाहारी एवढंच सांगतो. आणि अन्नसुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक, उत्पादकाचं नाव-पत्ता, तारीख नसेल तर पाकीट परत ठेवा.

आता काही जण म्हणतील, "भाऊ, लोकांना पोटभर मिळत नाही आणि तू कोंबडीच्या ऐसपैस जागेचं काय घेऊन बसलास?" बरोबर प्रश्न आहे. सात रुपयांचं अंडं हे गरिबाच्या लेकरासाठी सगळ्यात स्वस्त, चांगलं अन्न आहे. ते महाग व्हावं असं मी म्हणत नाही. माझ्याही घरी तेच येतं. माझं भांडण वेगळं आहे. ज्याने पंधरा रुपये मोजले त्याला पंधराची वस्तू मिळाली पाहिजे. आणि ते जादाचे आठ रुपये जिच्यापर्यंत जायला हवेत तिच्यापर्यंत गेले पाहिजेत.

ती कोण, ते सांगतो.

आमच्या आठवडी बाजारात एक मावशी येते. पाड्यावरून पायी येऊन मग जीप. डालग्यात दोन-तीन कोंबड्या, एखादी तलंग, फडक्यात भुशात ठेवलेली वीस-पंचवीस अंडी. मागच्या बाजारात तिच्या शेजारी एक छोटा टेम्पो उभा होता. त्यावर फ्लेक्स: 'अस्सल गावरान'. पिंजऱ्यात तांबडे, एकसारखे, एकाच वजनाचे पक्षी. भाव मावशीपेक्षा किलोमागे दीडशेने कमी. लोक तिकडे. एक मास्तर मावशीला म्हणाले, "तो बघ स्वस्त देतोय, तू का लुटतेस?" ती एवढंच म्हणाली, "घरनी शे भाऊ."

मास्तर टेम्पोकडे गेले. मावशी दुपारी दोन कोंबड्या घेऊन परत गेली.

मी जीपपर्यंत तिच्याबरोबर चालत गेलो. म्हणाली, औंदा मानमोडीत चौदातल्या नऊ गेल्या. लस मिळते का विचारलं. दवाखान्यात मिळते, पण बाटली शंभर पक्ष्यांची असते, एकदा फोडली की तेव्हाच संपवावी लागते. तिच्या एकटीच्या पाच कोंबड्यांसाठी कोण फोडणार? खरं तर पाड्यावरच्या सगळ्या घरांचा एक दिवस ठरवला तर ती बाटली पुरेपूर वापरली जाईल. पण तो दिवस ठरवायला कुणी येत नाही.

२००६ आठवतं? शेजारच्या नवापूरला फेब्रुवारीत बर्ड फ्लू निघाला. देशातला पहिला. मी तेव्हा नुकताच डिप्लोमा करून पेपरात लागलो होतो. पांढऱ्या पोशाखातली पथकं मोठ्या पोल्ट्र्यांवर गेली, तशी घराघरांतही गेली. हद्दीत आलेली परसातली प्रत्येक कोंबडी मारली. ते करणं भाग होतं, त्यावर वाद नाही. २०२१ ला नवापूरला पुन्हा तेच झालं. पण आम्ही पत्रकारांनी दोन्ही वेळा बातम्या कुणाच्या केल्या? मोठ्या शेडवाल्यांच्या. त्यांचे आकडे लाखांत होते, सांगायला संघटना होती. पाच कोंबड्यावालीचं नुकसान आमच्या कॉलमात बसलंच नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कोंबड्या-पक्ष्यांपैकी जवळपास ३२ कोटी परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा ते जवळपास शेहेचाळीस टक्क्यांनी वाढले होते. म्हणजे ही मावशी काही संपत चाललेली जमात नाही. तिच्याकडे माल आहे, मागणी आहे. नाही तो फक्त तिचा शब्द. तो टेम्पोवाल्याने नेला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे.

सरकारने 'गावरान' या शब्दाची व्याख्या करावी. जात कोणतीही असो, पण किती पक्षी, किती मोकळी जागा, किती महिने, हे ठरवा. शेडमधल्याला 'शेडमधली रंगीत कोंबडी' म्हणून विकू द्या, त्यात लाज कसली? विधी आयोगाने सुचवलेलं प्रमाणपत्र राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने सुरू करावं आणि पाड्यावरच्या बचत गटाला ते फुकट, जागेवर येऊन द्यावं. नाहीतर होईल काय, तर कागद परवडणारे मोठे लोक 'प्रमाणित गावरान' होतील आणि मावशी बेकायदेशीर ठरेल. आणि पाडानिहाय लसीकरणाचा दिवस ठरवा. त्याला नवा कायदा लागत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात काय? कायदा अगदीच रिकामा नाही. चुकीचं लेबल लावलं तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली तीन लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. रंगवलेली अंडी सापडली तर फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवण्याआधी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आणि पाटी दिसली की तीन प्रश्न विचारा. कोंबडी कोणत्या गावची? किती महिन्यांची? दिवसा कुठे असते? भांडू नका, सहज विचारा. ज्याच्याकडे खरी आहे तो खुशीत सांगतो, गावाचं नाव आणि बाईचं नावसुद्धा सांगतो. दुसरा म्हणतो, "साहेब, खाऊन तर बघा."

मी या अकरा ढाब्यांवर जाऊन हेच तीन प्रश्न विचारणार आहे. जे सांगतील त्यांची उत्तरं त्यांच्या परवानगीने इथे टाकेन. दोन ठिकाणी विचारून झालंय. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "भाऊ, शेडची आहे, पण पाटी बदलली तर गिऱ्हाईक पुढच्या ढाब्यावर जाईल." त्याचंही खरं आहे. पाटी त्याने लावली, पण रंग बघून कोंबडी घेणारे आपणच.

येत्या बाजाराला मावशी आली तर तिच्याकडून एक कोंबडी घेणार आहे. भाव करणार नाही. तुमच्या बाजारातही अशी कुणी येत असेल तर गावाचं नाव खाली लिहा.